टाका बारीक करू नका, आधी कट्टा नखाने खरवडून बघा

ताई, गव्हाच्या रिकाम्या कट्ट्यांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांच्या, भाजीच्या पिशव्या शिवल्या, पण पिशवी धरायचा बंद शिलाईपाशी फाटून हातात येतो, दोरा जाड घेतला, टाका बारीक केला, दुहेरी शिलाई मारली तरी तेच, असं तुम्ही लिहिलंय. हे अगदी माझंच गाऱ्हाणं. २०१९च्या संक्रांतीला याच पायी मी एक्कावन्न पिशव्यांचं हसं करून घेतलं होतं. मापं, कापणं, धुणं तुम्हाला येतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

आम्ही इंदूरचे. इकडे अजून पुष्कळ घरांत वर्षाचा गहू एकदम भरतात. उन्हाळ्यात छावणीच्या मंडीतून लोकवन नाहीतर शरबती येतो आणि निवडून कोठीत गेला की मागे राहतात हे प्लास्टिकचे विणलेले कट्टे. माझे सात, जावेचे पाच, बाकी शेजारच्यांचे, असे तीसेक जमवले. त्याच सुमारास एका संस्थेचं सहा दिवसांचं शिबिर केलं, ‘टाकाऊतून टिकाऊ’. संस्थेचं नाव घेत नाही, मला याच शहरात राहायचंय. रोज पोहे-जलेबी, शेवटी प्रमाणपत्र. तिथल्या बाईंनी ठासून सांगितलं, कट्टे धुऊन पंधरा-वीस दिवस कडक उन्हात पडू द्या, वास जातो, किडे मरतात. मी पडले अतिउत्साही. पंधरा दिवसांनी फायदा होतो तर दोन महिन्यांनी किती होईल! अख्खा उन्हाळा, पाऊस येईपर्यंत, कट्टे गच्चीवर. मग घड्या करून माळ्यावर ठेवले.

डिसेंबरात ओळखीच्या एका काकूंनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी एक्कावन्न पिशव्या सांगितल्या. एका कट्ट्यात दोन निघतात, म्हणजे सव्वीस कट्टे. सुती साडीचा गोट, निवारीचे बंद, दिसायला इतक्या देखण्या की काकूंनी आगाऊ पैसे दिले. हळदीकुंकू झालं आणि तिसऱ्या दिवशी पहिला फोन. वाण घेऊन गेलेल्या एकीने त्याच पिशवीत दोन किलो बटाटे घेतले आणि बंद हातात राहून पिशवी रस्त्यावर. मग दुसरा फोन, मग रोजच. काकूंनी बिचाऱ्यांनी घरोघर फिरून पिशव्या परत गोळा केल्या. वाण परत मागायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

इथे मी तुमचीच चूक केली. टाका बारीक केला. शिलाईवर शिलाई, तीन-तीन ओळी. विणलेल्या प्लास्टिकला सुई जिथे भोक पाडते तिथली पट्टी तुटते, सुती कापडासारखे धागे बाजूला सरकून पुन्हा जुळत नाहीत. जितके टाके जवळ तितकी भोकं जवळ, आणि मग पोस्टाच्या तिकिटांसारखं ओढलं की सरळ रेषेत फाटतं. हे नंतर कळलं. तेव्हा दोराच बदलत बसले होते.

शेवटी मशीनच अडकलं. दुरुस्तीवाला आला, त्याने शटल उघडलं. आत पांढरा चुरा, बारीक रव्यासारखा, बॉबीनच्या डबीत गच्च. मी म्हटलं धूळ असेल. तो म्हणाला, ‘आंटी, ये धूल नहीं, आपकी बोरी है.’ मग एक कट्टा घेऊन घडीवर नख ओढलं, तर पापुद्रे निघाले. दोन्ही हातांनी ताणला तर पापडासारखा गेला. म्हणजे शिवायच्या आधीच कट्टा मेलेला होता. हा कट्टा पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, पट्ट्या ठिसूळ होतात. उघड्यावर वापरायच्या मालात कारखानेवाले ऊन सोसणारं रसायन घालतात, पण आपल्या हातातल्या गव्हाच्या कट्ट्यात ते आहे की नाही हे वरून दिसत नाही. तेव्हा सावलीत, वाऱ्यावर वाळवा. बस्स.

मी त्या संस्थेत गेले, निदान पुढच्या बायकांना तरी सांगा म्हणून. बाई म्हणाल्या, तुमचा टाका चुकला असेल. दुसऱ्या खेपेला बाई नव्हत्या, त्या कंत्राटावर होत्या म्हणे, मोठ्या सरांना भेटा. सर मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला अर्ज लिहून घेतला, त्याची पोच मागितली तर ‘पोच कशाला, घरचीच संस्था आहे’. आणि वर्षभराने फोन काय, तर प्रदर्शनात लावायला तुमच्या पिशव्यांचा फोटो पाठवा! काकूंचे पैसे मी परत केले, निवार आणि साडीचे गेले ते माझेच. आमचं शहर २०१७ला स्वच्छतेत पहिलं आलं तेव्हापासून अशी शिबिरं उदंड झाली, पण शिकवणाऱ्याने स्वतः एक पिशवी वर्षभर वापरून पाहिलेली असावी एवढी तरी अट हवी की नाही?

असो. आता मी कसं करते ते सांगते. मी शिकलेली शिंपीण नाही, माझी पायमशीन जुनी आहे, तुमच्या मोटरवाल्या मशीनवर एखाद्या चिंधीवर आधी बघून घ्या.

टाका लांब, इंचात सहा-सात, त्याहून जास्त नाही. सुई सोळा नंबर. निवारीच्या जाड घड्या आल्या तरच अठरा. कट्ट्यावर सुई लवकर बोथट होते, टकटक आवाज आला की बदला, कंजुषी करू नका. दोरा पॉलिस्टर. टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक टाचणी म्हणजे कायमचं भोक. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावते. इस्त्री तर नकोच, हा माल १६०-१६५ अंशांनाच वितळतो आणि आकसतो त्याच्या आधीच. घडी वाटीच्या बुडाने दाबून घ्या. रंगीत छापील तांदळाच्या पिशवीवर वरून चकचकीत फिल्म असते, ती मशीनच्या फुटाला, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाला, चिकटून बसते. वर बटर पेपरची पट्टी धरून शिवा, नंतर ओढून काढा.

आणि बंद. तोंडाशी दोन टाके घालून बंद लावणं हेच मुळात चूक, असं माझं मत. निवार तोंडापासून खाली, बुडाखालून, दुसऱ्या बाजूने वर अशी सलग फिरवा. मग ओझं निवारीवर येतं, शिलाईने फक्त तिला जागेवर धरायचं. निवार जास्त लागते, लागू दे.

कट्ट्याचं तोंड कातरीने कापू नका. एकेरी दोरा दिसतो ती बाजू समोर धरून बहुधा उजव्या टोकाची गाठ सोडवली की साखळीटाका सरसर उसवतो. तो दोरा मी गुंडाळून ठेवते, वेल बांधायला छान.

खताच्या पोत्याची मात्र भाजीची पिशवी करू नका, कितीही धुवा. कुंडीखाली घाला फार तर. चिप्सच्या पाकिटांच्या पर्सा मला पटत नाहीत, तेलकट वास जात नाही, पण ज्याची त्याची हौस.

तुमच्या फाटलेल्या पिशवीचा जवळून फोटो टाकाल का? टाक्यांच्या ओळीवर सरळ फाटली असेल तर टाका लांब करून काम भागेल. पट्ट्या वेड्यावाकड्या सुटून भुगा होत असेल तर उरलेले कट्टे कोरड्या कचऱ्यात घाला, शिवत बसू नका. आणि ते किती दिवस उन्हात होते, तेही लिहा.