दाराला कुलूप लागलंय, आता समितीनं काय करावं?

प्रश्न : वसतिगृहाची फी वाढली म्हणून आमच्या विद्यापीठातली मुलं प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर ठिय्या देऊन बसली आहेत. काल त्यांनी दाराला कुलूप ठोकलं. चर्चेसाठी समिती नेमली आहे, तीत माझं नाव घातलंय. मी नवखी सहायक प्राध्यापक. वरिष्ठ म्हणतात, पोलीस बोलवा, तासाभरात मोकळं होईल. मुलं म्हणतात, तुमच्या समितीला अधिकारच नाही. मी काय करू?

उत्तर : मुलांचं म्हणणं खरं आहे का, ते आधी बघा. खरं असेल तर तसंच चर्चेला बसू नका. कुलगुरूंकडून लेखी घ्या, की फीवाढ स्थगित करण्यापर्यंत समितीला बोलता येईल. नाहीतर वित्त अधिकाऱ्यांना शेजारी बसवा. 'तुमचं म्हणणं वर कळवतो' एवढंच सांगू शकणारी समिती मुलं पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात, आणि मग तुमच्या चांगुलपणाचाही उपयोग होत नाही.

दुसरं, आवक नोंदवही मागवा. मी बरीच वर्षं कुलसचिव कार्यालयात काढली. आंदोलन दाराशी आलं की मी आधी ही वही उघडायचो. बहुतेक वेळा काही आठवडे, कधी काही महिने आधीचा एक अर्ज सापडायचाच. त्यावर आवकचा शिक्का, कोपऱ्यात तिरक्या अक्षरात 'योग्य त्या कार्यवाहीस्तव', खाली सही. तिथून तो वसतिगृह विभागात, तिथून लेखा विभागात, तिथून परत. नकार कुणी दिलेला नसतो, उत्तरही कुणी दिलेलं नसतं. मागणी फीची असते. राग या फिरवाफिरवीचा असतो. असा अर्ज सापडला तर बैठकीत तो सगळ्यांसमोर वाचा आणि याला उत्तर द्यायला हवं होतं, असं स्पष्ट म्हणा. अहमदाबादला डिसेंबर १९७३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेसचं बिल वाढलं, तिथून सुरू झालेल्या आंदोलनात फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यामागे महागाई होती, भ्रष्टाचाराची चीड होती. पण ठिणगी मेसच्या बिलाची होती, हे विसरू नका.

आता पोलीस. मारहाण होत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर क्षणभरही थांबू नका. नुसता ठिय्या असेल तर मात्र माझं मत ठाम आहे : नको. अमेरिकेत बर्कलीला १९६४ साली विद्यापीठाच्या दाराशी टेबलं मांडून राजकीय प्रचार करायला बंदी घातली गेली. १ ऑक्टोबरला एकाला अटक झाली, तर मुलांनी पोलिसांची गाडीच घेरली आणि ती सुमारे ३२ तास हलू दिली नाही. डिसेंबरमध्ये मुलं ठिय्या देऊन बसलेली प्रशासकीय इमारत रिकामी करायला पोलीस आले, जवळपास ८०० जणांना अटक झाली. आणि ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्याच सभेनं ८२४ विरुद्ध ११५ मतांनी मुलांच्या बाजूनं कौल दिला. काठावर बसलेले लोक पोलिसांची गाडी आत आली की बाजू घेतात, आणि ती सहसा प्रशासनाची नसते.

तुमचे वरिष्ठ म्हणतील, यामागे बाहेरच्या संघटना आहेत. असतीलही. पण पायऱ्यांवर रात्र काढणाऱ्या मुलीची फी खरंच वाढलेली आहे ना? तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं की बाहेरच्यांना बोलायला फारसं उरत नाही. (दोन विद्यार्थी गटांचं आपसात भांडण असतं, तर मी वेगळा सल्ला दिला असता. तिथे आधी दोघांना दूर करावं लागतं.)

फीवाढीचा हिशेब मागितला तर पूर्ण द्या : वीज, पाणी, पगार, दुरुस्ती, सगळे आकडे. हिशेब बघून मुलंच हप्त्यांचा किंवा गरजूंना सूट देण्याचा तोडगा सुचवतात, हे मी पाहिलंय.

बैठक संपताच इतिवृत्त तिथेच लिहा. कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत करणार, हे त्यात असू द्या आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. आणि एक वाक्य त्यात आलंच पाहिजे : शांतपणे बसलेल्या कुणावरही निलंबनाची, वसतिगृहातून काढण्याची किंवा शिष्यवृत्ती रोखण्याची कारवाई होणार नाही. हे वाक्य कुलगुरू मान्य करणार नसतील, तर मुलांसमोर जाण्याआधी त्यांच्या दालनात बसून ते मान्य करून घ्या.