शिवण येत नसताना मुलासोबत घरच्या घरी बाहुली कशी करायची?

मुलगा पाच वर्षांचा, शिवणयंत्र नाही, हे सगळं लिहून शेवटी तुम्ही विचारलंय की मुलग्याला बाहुल्या करायला बसवलं तर चालतं का. आधी त्याचंच उत्तर देते. चालतं. हे विचारायची वेळ येते याचाच मला राग येतो.

आम्ही बेळगावचे, वडगावातले. सासऱ्यांचा हातमाग होता, त्यामुळे घरात सुताला तोटा नव्हता. मुलगा पहिलीत असताना पावसात त्याला चिंध्या घेऊन बसवलं होतं. तेवढ्यात नणंद आल्या. "पोरगा बाहुली करूलाय व्हय? उद्या बांगड्या भर त्याला!" पोराने हातातली चिंधी लगेच खाली ठेवली. मी म्हटलं, "वन्सं, जन्मभर साड्या कुणी विणल्या? तुमच्या आप्पांनीच की!" आपल्याकडे ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे मण्णेत्तिन अमावास्येला, पोरं मातीचे बैल करतात, त्याचं कौतुक होतं. पुढे आषाढातल्या मंगळवारी मुली त्याच मातीची गुळ्ळव्वा देवीची मूर्ती करतात. माती तीच, हातही तसेच. मग मुलग्याने बाहुली केली तर बिघडलं कुठं? वन्संना हे आजही पटत नाही.

असो. जुन्या सुती साडीचा मोठ्या हातरुमालाएवढा चौकोन घ्या. धुऊन मऊ झालेलाच घ्या, नव्या कापडाची खळ गाठ धरू देत नाही. मधोमध लिंबाएवढा कापूस ठेवून खालून दोरा आवळा, डोकं झालं. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना गाठी मारल्या की हात. उरलेला घोळ म्हणजे परकर, त्यामुळे पायांची भानगड नाही. केसांसाठी लोकर चार बोटांना गुंडाळून मधे बांधा. दोरा तुम्ही धरा, पण गाठ त्यालाच मारू द्या. डोकं वाकडं झालं तर वाकडंच राहू दे.

माझा मुलगा आता नववीत आहे, युनिफॉर्मचं बटण स्वतः लावतो. वन्संचे चिरंजीव नोकरीला लागले, तरी बटण तुटलं की शर्ट आईपुढे ठेवतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

एक राहिलं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी, बटणं लावू नका, घशात अडकतात. गुळ्ळव्वाला डोळे म्हणून गुंजा लावतात, त्या तर नकोतच. गुंज चावली गेली तर विषारी असते. डोळ्यांना पेनाचे दोन ठिपके पुरे.