काढलेली फळं सडू नयेत म्हणून कडुनिंब, लसूण, लवंग यांचे अर्क खरंच चालतात का? कुणी स्वतः वापरून बघितलंय?

मी बघितलंय. हापूसवर, लवंगेचं तेल, चाळीस पेट्या. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी मला 'लवंगवाले' म्हणून हाक मारतंच. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, पण हा प्रश्न बघून राहवलं नाही.

कडुनिंब आधी बाजूला ठेवा. तो किडीचं औषध आहे, आंब्याच्या बुरशीसाठी त्याच्या भरवशावर बसू नका. बुरशीला खरी मारणारी मंडळी मिसळणाच्या डब्यात सापडतात: ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, दालचिनी, शिवाय परसातला गवती चहा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ही तेलं बुरशी वाढू देत नाहीत, हे खरं आहे. आमचा घोटाळा बशीच्या बाहेर झाला.

बाग रत्नागिरी तालुक्यात. बाबांची आणि काकांची झाडं शेजारी शेजारी, फांद्या एकमेकांत गेलेल्या. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी लागोपाठ दोन रात्री अवकाळी पडला. नंतर काढलेला आंबा दिसायला हिरवागार, डागाचं नाव नाही. आढी लावली, आठव्या दिवशी पेंढा बाजूला केला आणि अर्धा माल देठाकडून काळा, उरलेल्यावर करप्याचे, म्हणजे बुरशीच्या रोगाचे, काळे ठिपके. पुढची तोड चार दिवसांवर आलेली. तेवढ्यात दादा, म्हणजे काकांचा मुलगा, कुठूनतरी लवंगेच्या तेलाचं वाचून आला. "नैसर्गिक म्हटलं की पुण्याचं गिऱ्हाईक पेटीला दोनशे जास्त मोजतं," हे वाक्य त्याचं आहे. माझं नाही. हे एकदा लेखी राहू दे.

तेल पाण्यात मिसळत नाही एवढं मला कळत होतं, म्हणून रिठे उकळून त्या पाण्यात ते घुसळलं. दुधासारखं पांढरं झालं, आम्ही खूश. निळ्या टाकीत क्रेट बुडवायचा, पाच मिनिटं थांबायचं, काढायचा. आता गंमत अशी की लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं. खोबरेल वर तरंगतं, हे खाली बसतं. आम्ही क्रेटमागून क्रेट बुडवतोय आणि तेल तळाशी जमतंय. पहिल्या क्रेटांतला निम्मा माल नुसता रिठ्याच्या पाण्याने धुऊन निघाला. शेवटचे क्रेट टेकले ते थेट तळाच्या तेलात. त्या आंब्यांच्या नाकावर, जिथे थेंब लोंबून सुकला तिथे, दुसऱ्या दिवशी तपकिरी कडं उमटलं. विडीने चटका दिल्यासारखं. आतला गर चांगला होता, पण पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक गर बघत नाही.

आठवड्याने कोथरूडहून एका काकूंचा फोन. फार सभ्य बाई. म्हणाल्या, "आंबा गोड आहे हो, पण खाताना दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय." अकरा पेट्यांचे पैसे परत केले. ते सगळे माझ्या खात्यातून गेले.

आणि एवढं करून बुरशी थांबली का? फारशी नाही. कारण आंब्याला करप्याची लागण काढणीनंतर होतच नाही, तेव्हा तो फक्त दिसतो. मोहोर आणि कोवळी कैरी पावसात, दवात भिजते तेव्हाच बुरशीचे बीजाणू सालीवर रुजतात, सालीत घट्ट रुततात आणि गप्प बसतात. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात बुरशीला रोखणारी स्वतःचीच द्रव्यं असतात. फळ पिकायला लागलं की ती कमी होतात आणि आत दबा धरून बसलेली बुरशी उठते. म्हणजे निसर्गाचा अर्क आंब्यात आधीच भरलेला असतो, आपण वरून चोपडतो ती नुसती फोडणी. म्हणूनच देठ ठेवून आंबा काढा आणि चीक सांडू देऊ नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे देठासकट आंबा उतरवायचं अवजार, त्याचसाठी आहे. देठकूज त्याहून बेरकी, ती देठातूनच आत शिरते.

सालीच्या आत दबलेल्या बुरशीपर्यंत पोचते ती उष्णता. 52 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार पाणी, मग सावलीत वाळवायचं. बाबा म्हणाले, "आंबे काय उकडून विकतोस?" मी त्याच झाडाचे बारा आंबे घेतले: चार तसेच, चार लवंगेचे, चार गरम पाण्याचे. बारा आंब्यांनी काही सिद्ध होत नाही, पण दहाव्या दिवशी गरम पाण्याचे चारही पिवळेधमक होते आणि बाबांनी त्यातले दोन काही न बोलता खाल्ले. थर्मामीटर मात्र हवाच. बोट बुडवून अंदाज घेणाऱ्यांची साल भाजते, नाहीतर बुरशी नुसती अंघोळ करून निघते. युरोपला पाठवताना 48 अंशांत तासभर ठेवतात ते फळमाशीसाठी, त्याची यात गल्लत करू नका.

आता तुमचं फळ कुठलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. संत्रं-मोसंबी असेल तर मी वर लिहिलेलं निम्मं लागू नाही. तिथली हिरवी बुरशी ओरखड्यातून, तुटलेल्या देठाच्या जागेतून शिरते, म्हणजे ती जखमेत, उघड्यावर असते. तिथे ओव्याचं किंवा दालचिनीचं तेल नीट मिसळून लावलं तर उपयोग होऊ शकतो. केळीच्या फणीचा कापलेला भागही तसाच. आधी दहा फळांवर करून बघा, वास आठवडाभर राहतो का तेही बघा. लसणाचं तर बोलूच नका, लसणाच्या वासाचं फळ कोण खाणार?

आणि दादा, तू हे वाचणारच, म्हणून सांगतो. माल लवंगेने गेला नाही. तुझ्या झाडांवरची सुकी काटकी आणि वाळलेले मोहोर तीन वर्षं कुणी काढले नव्हते. बुरशी वाढते ती तिथे, आणि पावसाच्या थेंबांबरोबर ठिबकते ती खाली, माझ्या कैऱ्यांवर. छाटलं की मोहोर कमी येतो म्हणतोस ते हिरव्या फांदीचं. सुक्या काटकीला कधी मोहोर आलेला बघितलास? उरलेली तेलाची बाटली गेल्या महिन्यात तू दाढेसाठी नेलीस, ती ठेव. पावसाआधी मी माझ्या झाडांची सुकी काढतोय. तुझ्या ज्या फांद्या गडग्यावरून माझ्याकडे आल्यात, त्यांचीही.