अर्काची चाचणी लावण्याआधी

वडोदऱ्यात वनस्पतींचे अर्क कर्करोगाच्या पेशींवर तपासण्याच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांनी आधी वनस्पतीची ओळख पक्की करावी. फुलाफळांसह वाळवलेला नमुना महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जाणकारांना दाखवावा, कारण झाडच चुकले तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवाव्यात.

खरी गफलत होते ती एमटीटी चाचणीत, म्हणजे किती पेशी जिवंत उरल्या हे रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचे फॉर्माझान या जांभळ्या पदार्थात रूपांतर करतात हे खरे. परंतु पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली रसायने असलेला अर्क पेशी नसतानाही हेच काम करू शकतो, आणि मग मेलेल्या पेशीही आकड्यांत जिवंत दिसतात. म्हणून चाचणीच्या प्लेटमधल्या काही खळग्यांत (वेलमध्ये) पेशी न घालता नुसते पेशी वाढवण्याचे माध्यम, अर्क आणि एमटीटी ठेवा. ते जांभळे झाले, तर एमटीटी घालण्यापूर्वी अर्क काढून पेशी बफरने (क्षारांच्या द्रावणाने) हलक्या हाताने धुवा आणि निकाल ट्रिपॅन ब्लूच्या, म्हणजे मेलेल्या पेशींना निळे करणाऱ्या रंगाच्या, मोजणीने पडताळून पाहा. अर्क विरघळवायला वापरलेला डीएमएसओ हा द्रावक ०.५ टक्क्याच्या आत ठेवा. अर्काविना तेवढाच डीएमएसओ घातलेल्या पेशी तुलनेसाठी (नियंत्रण म्हणून) प्रत्येक प्लेटवर हव्यातच.

मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम घालून पेशी मेल्या, तर हुरळून जाऊ नका. कच्च्या अर्काची आयसी-५०, म्हणजे पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, मिलिलिटरला साधारण ३० मायक्रोग्रॅमच्या आत असली तरच तो लक्षणीय मानतात, आणि तोच अर्क निरोगी पेशींवरही तपासावा लागतो.

रुग्णाच्या नातेवाइकांनी काढ्याविषयी विचारले, तर स्पष्ट नकार द्या. सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषधसुद्धा शुद्ध करून, मोजक्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतूनच देतात.