मधल्या सुट्टीतली भाषा आणि पुस्तकातली भाषा

प्रिय बाळा,

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पानं भरून खाडाखोड आहे, पण एक वाक्य मात्र तू एका दमात लिहिलंयस: ‘वर्गात मी मुकी असते.’ म्हणून आधी त्याविषयीच लिहिते.

तू मुकी नाहीस. नव्या भाषेत येऊन पडलेली पुष्कळ मुलं सुरुवातीचे काही आठवडे, कधीकधी कित्येक महिने, गप्पच असतात. त्या काळात कानांचं काम चाललेलं असतं. आधी सगळं एकसलग ऐकू यायचं आणि आता त्यातले शब्द सुटे व्हायला लागलेत, असं तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस. हेच ते काम. मी अकराव्या वर्षी नव्या देशात, नव्या शाळेत गेले, तेव्हा आपणहून पहिलं वाक्य बोलायला मला पाच महिने लागले होते. ‘ती पेन्सिल माझी आहे,’ एवढंच. शेजारच्या मुलीने पेन्सिल परत दिली आणि मला दिवसभर काही सुचेना!

पण बाळा, मला खरी काळजी या गप्प दिवसांची नाही. ते जातील. वर्ष-दीड वर्षाने सगळे म्हणायला लागतील, ‘आता किती छान बोलतेस!’ त्या दिवसांसाठी मी तुला आत्तापासून सावध करतेय.

भाषा दोन पातळ्यांवर येते. खेळताना, रांगेत उभं असताना, मैत्रिणीशी बोलताना लागते ती लवकर येते, कारण तिथे हातवारे असतात, चेहरे असतात, समोर वस्तू असते. विज्ञानाच्या धड्यातली, इतिहासाच्या प्रश्नातली भाषा अशी नसते. तिथे फक्त कागद असतो. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा फरक मांडला. बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत जमते. पुस्तकी भाषेत वर्गातल्या इतर मुलांच्या बरोबरीला यायला बहुधा पाच ते सात वर्षं लागतात. हे आकडे मला फार उशिरा कळले. आधी कळले असते, तर मी स्वतःला इतकी वर्षं मठ्ठ समजले नसते.

गणित हा माझा हातखंडा विषय. तरी दुसऱ्या वर्षी शाब्दिक उदाहरणांत मी सपाटून आपटले. ‘प्रत्येकी’ आणि ‘एकूण’ या अर्थाच्या तिथल्या दोन शब्दांत माझा गोंधळ व्हायचा. जिथे गुणायचं तिथे मी गुणतच नसे. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. बाईंनी वहीवर शेरा मारला: ‘लक्ष देत नाही.’ त्यांचं तरी काय चुकलं म्हणू? मधल्या सुट्टीत मी घडाघडा बोलत होते आणि ते त्या रोज ऐकत होत्या. शिवाय ‘समजलं का?’ असं विचारलं की मी लगेच मान डोलवायचे. ही मान डोलवण्याची सवय मला सर्वांत महाग पडली.

म्हणून तुला कळकळीने सांगते, मान डोलवू नकोस. आणि नुसतं ‘समजलं नाही’ असंही म्हणू नकोस, कारण त्यावर बहुतेक वेळा तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा ऐकायला मिळतं. वाक्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, ‘इथपर्यंत कळलं, या शब्दापाशी अडले.’ हे एक वाक्य नव्या भाषेत पाठच करून टाक. शिकवणाऱ्याला नेमकी जागा दाखवली की मदतही नेमकी मिळते. आणि भाषेचा जो जादा तास तुला मिळतोय, तो ‘आता येतं की’ म्हणून सोडू नकोस. कुणी बंद करायचं म्हणालं, तर आईबाबांना शाळेत जाऊन विचारायला लाव.

वहीत सुटा शब्द लिहू नकोस, तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिही. अर्थ मराठीत, पेन्सिलीने. त्याच संध्याकाळी एकदा बघ, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. शिकलेलं किती झरझर विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की ते टिकतं.

उच्चारांवरून मुलं हसतात, हे वाचून मला वाईट वाटलं. जोसेफ कॉनरॅड मूळचे पोलिश. इंग्रजी शिकले ते विशीत, पुढे इंग्रजीतले मोठे कादंबरीकार झाले आणि शेवटपर्यंत इंग्रजी बोलताना त्यांचे उच्चार पोलिश वळणाचेच राहिले. ऐकणाऱ्याला शब्द कळला की तुझं काम झालं.

घरी मराठी बंद करून नवीच भाषा बोलायची, हा बाबांचा विचार मला पटत नाही. बेडूक पाण्यात कसा श्वास घेतो हे तुला मराठीत नीट कळलं, तर नव्या भाषेत फक्त शब्द बदलायचे उरतात. मुलाच्या स्वतःच्या भाषेविषयी आदर वाढवणं हे शिक्षणाचं काम आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातल्या २९व्या कलमातच लिहिलंय. बाबांना हे वाचून दाखव.

आणि एक. पालकसभेत बाई बोलतात ते आईला तू भाषांतर करून सांगतेस, त्यात तुझ्याबद्दलची तक्रारही तुलाच सांगावी लागली. हे ओझं तुझं नाही. शाळेत दुभाषी मिळेल का, हे आईला लेखी विचारू दे. बऱ्याच ठिकाणी अशी सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पुढच्या पत्रात विज्ञानाच्या धड्यातला एक उतारा उतरवून पाठव. जिथे जिथे अडलीस तिथे पेन्सिलीने खूण कर. अर्थ शोधत बसू नकोस, फक्त खुणा कर. मग आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी