डिस्क दिसत नाही म्हणून सर्व्हर मोडीत काढू नका

३० जून २०२४ ला सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचे अपडेट कायमचे बंद झाले, आणि तेव्हापासून या सदराकडे येणारी पत्रं एकाच वळणाची होऊ लागली आहेत. सर्व्हर चांगला चालत होता, नवी प्रणाली टाकायला घेतली आणि इन्स्टॉलर अर्ध्यात अडला. या अंकात तशी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण त्यात एक चांगलं मशीन भंगारात जायच्या बेतात आहे.

प्रश्न : आमच्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत डेलचा एक जुना सर्व्हर आहे. दोन झिऑन ५६०० प्रोसेसर, डिस्क जोडायचं पर्क एच२०० कार्ड, त्यावर दोन डिस्कचा आरसा (दोन्हींवर तोच डेटा). सेंटओएस ७ वर विद्यार्थ्यांची कामं कित्येक वर्षं विनातक्रार झाली. आता रॉकी लिनक्स ९ टाकायला गेलो तर डिस्क निवडायच्या पानावर फक्त आमचा पेनड्राइव्ह दिसतो. मशीन सुरू होताना कार्डाच्या पडद्यावर मात्र दोन्ही डिस्क व्यवस्थित दिसतात. पुरवठादार म्हणतो, ‘सर्व्हरचं आयुष्य संपलं, नवीन घ्या.’ कोणी म्हणतं कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, बदला. मॅडम, काय करावं?
— प्रयोगशाळा साहाय्यक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सर, पहिली विनंती : कंट्रोल-सी दाबून कार्डाच्या मेनूत शिरू नका आणि ॲरे, म्हणजे डिस्कची ती जोडणी, नव्याने बनवू नका. इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही की पुष्कळ जण घाईने तेच करतात आणि जुना डेटा हकनाक जातो. तुमचं कार्ड दोन्ही डिस्क दाखवतं आहे. म्हणजे डिस्क, केबल आणि कार्ड, तिन्ही धडधाकट आहेत. अडचण त्यापुढे आहे, कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात.

इन्स्टॉलर उघडा असतानाच कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबा. काळा पडदा येईल, तिथे कमांड देता येतात. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएन’ जोडून चालवा. मशीनमधल्या प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंसात अंकांची एक जोडी येते. पहिले चार अंक चिप बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे चार त्या चिपचे. एच२०० च्या ओळीत तुम्हाला १०००:००७२ असं दिसेल. ही एलएसआय कंपनीची एसएएस२००८ चिप. (१००० हा क्रमांक मूळचा एनसीआरचा. तो सिम्बिऑसकडे गेला, मग एलएसआयकडे, आणि आता ब्रॉडकॉमकडे आहे. कार्डावरचं नाव बदलत राहतं, क्रमांक तोच राहतो. म्हणून मी पत्रलेखकांकडे मॉडेलच्या नावाआधी हा क्रमांक मागते.) आता तीच कमांड ‘-के’ जोडून चालवा. बाकीच्या उपकरणांखाली कोणता ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कर्नलचा भाग, काम करतो आहे ते लिहून येईल. तुमच्या कार्डाखाली ती ओळच नसेल.

या चिपचा ड्रायव्हर आहे एमपीटी३एसएएस. तो रॉकी ९ मध्ये आहे, आणि नव्या कार्डांसाठी रोज वापरलाही जातो. पण प्रत्येक ड्रायव्हरजवळ तो कोणकोणती उपकरणं सांभाळतो त्या क्रमांकांची यादी असते. सेंटओएस आणि रॉकी ज्या लिनक्सवरून बनतात ती रेड हॅट कंपनीची. रेड हॅटने २०१९ साली तिची आवृत्ती ८ काढताना जुन्या कार्डांचे पुष्कळ क्रमांक या यादीतून काढले, त्यात ००७२ गेला. रॉकी ही रेड हॅटची हुबेहूब प्रत ठेवते, म्हणून तिथेही तेच. रेशन दुकानात धान्य भरलेलं आहे, दुकानदार ओळखीचा आहे, पण यादीतून नाव कमी झालंय, अशी तुमच्या कार्डाची स्थिती आहे. रेड हॅटची बाजूही मला समजते. ते ज्याची हमी देतात ते त्यांना वर्षानुवर्षं तपासत बसावं लागतं, आणि दहा वर्षांपूर्वीचं प्रत्येक कार्ड प्रयोगशाळेत ठेवणं परवडत नाही. मात्र ‘हमी देत नाही’ याचा अर्थ ‘चालणार नाही’ असा विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेने घ्यायची काही गरज नाही.

फर्मवेअर बदलायच्या सल्ल्याबद्दल. एच२०० वर साध्या एचबीएचं (डिस्क जशाच्या तशा प्रणालीपुढे ठेवणाऱ्या कार्डाचं), म्हणजे आयटी मोडचं, फर्मवेअर चढवता येतं आणि साठवणुकीच्या काही कामांत ते उपयोगाचंही असतं. पण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही. फर्मवेअर बदललं तरी चिप एसएएस२००८ च राहते, क्रमांक १०००:००७२ च राहतो, आणि यादीत तो नाहीच. शिवाय या कामात वीज गेली तर आज चालणारं कार्ड उद्या निकामी होईल. तेव्हा हे करू नका.

मग मार्ग कोणता? मी तुमच्या जागी असते तर अल्मालिनक्स ९ टाकलं असतं, ९.४ किंवा त्यापुढची आवृत्ती. अल्माने २०२३ मध्ये हुबेहूब प्रत ठेवायचं धोरण सोडलं. रेड हॅटवर चालणारा प्रोग्राम आपल्याकडे चालला पाहिजे एवढाच आग्रह ठेवला. त्यामुळे त्यांना हात मोकळे मिळाले, आणि मे २०२४ च्या ९.४ मध्ये त्यांनी काढून टाकलेले हे क्रमांक परत जोडले. एमपीटी३एसएएस, मेगारेड, एचपीचा एचपीएसए, ॲडॅप्टेकचा एएसीरेड, असे बरेच ड्रायव्हर त्यात आले. तुमच्या मुलांना कमांड त्याच शिकायला मिळतील, आणि सुरक्षा-अपडेट २०३२ च्या मे महिन्यापर्यंत येत राहतील.

रॉकीच हवं असेल तर एलरेपो या स्वयंसेवी प्रकल्पाची ड्रायव्हर डिस्क वापरा. ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा आणि इन्स्टॉलर सुरू होताना बूटच्या ओळीत ‘आयएनएसटी डॉट डीडी’ हा पर्याय द्या. डिस्क दिसायला लागतील आणि तो ड्रायव्हर नव्या प्रणालीतही बसवला जाईल. फक्त पुढे ९.५ वरून ९.६ असं जाताना आधी एलरेपोकडे त्या आवृत्तीचा ड्रायव्हर आला आहे का ते पाहा, मगच अपडेट करा, आणि जुना कर्नल पुसू नका. ही जबाबदारी कायम कोणाच्या तरी अंगावर राहते. शिक्षक बदलून गेले की ती कोणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून माझा कल अल्माकडे.

उत्साहाने आवृत्ती १० मात्र घेऊ नका. रेड हॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच असलेला. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमधल्या झिऑनमध्ये ते ई५ व्ही३ पासून, २०१४ मध्ये आलं. तुमचे ५६०० हे २०१० चे आहेत. आवृत्ती ९ ला लागणारी व्ही२ पातळी त्यांच्यात आहे, व्ही३ नाही. अल्मा १० ची व्ही२ साठी वेगळी प्रत निघते, पण ९ वर तुमची सोय होत असताना तिकडे जायचं कारण नाही.

पुरवठादाराला वरचा क्रमांक दाखवा. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याने पाहिलं नाही, एवढंच. पण सरकारी अनुदानातून आलेलं मशीन न पाहता बाद ठरवायचा हक्क कोणालाच नाही.

प्रश्न : आमच्या तालुका वाचनालयाला एका देणगीदाराने वापरलेला सर्व्हर दिला. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणून डेबियन ११ या लिनक्सची सीडी लावली. इन्स्टॉलर सांगतो की बीएनएक्स२ नावाने सुरू होणाऱ्या काही फाइल मिळत नाहीत, आणि नेटवर्क सुरू होत नाही. दुसरं नेटवर्क कार्ड विकत घ्यावं का?
— ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, कार्ड घेऊ नका, तुमचं कार्ड उत्तम आहे. नेटवर्कची चिप ब्रॉडकॉमची असणार. एलएसपीसीआयमध्ये बहुधा १४ई४:१६३९ दिसेल, म्हणजे बीसीएम५७०९. त्या पिढीच्या सर्व्हरमध्ये ही चिप मदरबोर्डवरच असायची.

तुमच्याकडे ड्रायव्हर आहे, फर्मवेअर नाही. ड्रायव्हर हा कर्नलचा भाग, त्याचा सोर्स खुला. फर्मवेअर हा चिपच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम. तो ब्रॉडकॉमचा आहे, त्याचा सोर्स मिळत नाही, आणि मशीन सुरू झाल्यावर ड्रायव्हरला तो दर वेळी चिपमध्ये भरावा लागतो. डेबियनने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार लिहिला. जे मुक्त नाही ते डेबियनचा भाग नाही, ही त्याची भूमिका, म्हणून अधिकृत सीडीवर या फाइल नसायच्या. मला ती भूमिका मनापासून आदरणीय वाटते. पण तिची झळ तुमच्यासारख्यांना बसत होती, आणि ते डेबियनच्या लोकांनाही जाणवलं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, करारात तेवढी जागा केली, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. ते वेगळ्या विभागात ठेवलेलं असतं आणि काय बसवलं तेही सांगितलं जातं.

म्हणून ११ सोडा आणि १२ किंवा १३ ची प्रतिमा पेनड्राइव्हवर उतरवा. कोहाची तुम्ही घेणार ती आवृत्ती डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर चालते, एवढं कोहाच्या पानावर आधी पाहून घ्या. ११ च ठेवणं भाग असेल तर ‘फर्मवेअर-बीएनएक्स२’ हे पॅकेज दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. इन्स्टॉलर फाइल मागेल तेव्हा तो पेनड्राइव्ह लावून ‘हो’ म्हणा.

प्रश्न : एका ग्राहकाच्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. डिस्क काढून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये लावल्या. दोन्हीकडे कार्ड साध्या एचबीएचंच, रेड (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत) सॉफ्टवेअरचं. अल्मा ९ बूट व्हायला लागतं, दोन-तीन मिनिटं थांबतं आणि ड्रॅकट या बूटच्या साधनाच्या शेलमध्ये (कमांड देण्याच्या काळ्या पडद्यावर) पडतं. रूट विभाग, म्हणजे प्रणाली जिथे बसवली आहे तो डिस्कचा भाग, सापडत नाही म्हणतं. डेटा गेला का?
— सर्व्हर दुरुस्ती व्यावसायिक, नाशिक

उत्तर : डेटा जागेवर आहे. बूट होताना सुरुवातीला जी इनिटरॅमएफएस ही छोटी फाइल वापरली जाते, ती ड्रॅकट फक्त त्या मशीनपुरती बनवतो. जुन्या मशीनच्या कार्डाचा ड्रायव्हर तिच्यात आहे, नव्याचा नाही. बूटच्या यादीत सगळ्यात खाली ‘रेस्क्यू’ लिहिलेली नोंद असते. तिच्यात सगळे ड्रायव्हर भरलेले असतात, म्हणून तीच निवडा. प्रणाली सुरू झाली की ड्रॅकट ‘--रीजनरेट-ऑल --फोर्स --नो-होस्टओन्ली’ हे तिन्ही पर्याय देऊन चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

रेस्क्यूनेही तिथेच अडलं तर शेलमध्ये राहून ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ ही फाइल पाहा. तिच्यात एकही डिस्क नसेल तर पहिल्या पत्रातल्यासारखा कार्डाच्या क्रमांकाचा प्रश्न आहे. डिस्क असतील आणि रेड जुळला नसेल तर एमडीॲडम या कमांडने तो जुळवा. ‘तयार करा’ हा पर्याय चुकूनही वापरू नका, ‘जुळवा’ म्हणजे असेंबलच. बूट झाल्यावर नेटवर्क बंद दिसेल, त्याने घाबरू नका. कार्डाचं नाव ते मदरबोर्डवर कुठे बसलंय त्यावरून ठरतं. मदरबोर्ड बदलला, नाव बदललं, आणि जुना आयपी पत्ता जुन्याच नावाला चिकटून राहिला. ‘एनएमटीयूआय’ उघडून नवं नाव द्या. ग्राहकाला हे आधीच सांगून ठेवलंत तर रात्रीचा फोन येणार नाही.

प्रश्न : जुन्या बाजारातून सर्व्हर घेतो आहे. लिनक्स चालेल ना, एवढं विचारलं की सगळे विक्रेते ‘हो’ म्हणतात. नेमकं काय विचारू?
— विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : विचारू नका, पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यावर तुम्ही जी प्रणाली टाकणार आहात तिचंच लाइव्ह किंवा इन्स्टॉलर माध्यम असू द्या, दुसरं कुठलं नको. दुकानातच मशीन सुरू करायला सांगा, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा आणि पडद्याचा फोटो घ्या. साठवणुकीच्या आणि नेटवर्कच्या कार्डाखाली ड्रायव्हरची ओळ आली पाहिजे. मग ‘एलएससीपीयू’ चालवून एव्हीएक्स२ शोधा. ते नसेल तर पुढच्या आवृत्त्यांची दारं मिटत चालली आहेत हे धरून भाव करा. डिस्कच्या कार्डावर कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी) असेल तर तिच्या बॅटरीची स्थिती विचारा, कारण बॅटरी मेलेली असली की कार्ड सहसा थेट डिस्कवर लिहायला लागतं आणि वेग पडतो. दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क लावायची असेल तर कार्ड ती पूर्ण आकारात दाखवतं का, ते अशी एखादी डिस्क लावूनच पाहा. एसएएस१०६८ पिढीची कार्डं तिथे थांबतात. विक्रेता मशीन सुरू करून दाखवायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.