पित्ताशयाची सोनोग्राफी शिकताना

सोलापुरात रेडिओलॉजीला लागलास, अभिनंदन! सीटी-एमआरआय नंतर बघू. आधी सोनोग्राफीवर हात बसू दे.

प्रोब (पोटावर फिरवायचं सोनोग्राफीचं यंत्र) ठेवण्याआधी विचार, "काही खाल्लं-प्यायलंत का?" अक्कलकोट-बार्शीहून पहाटेच्या एसटीने आलेला पेशंट बऱ्याचदा स्टँडवर दुधाचा चहा घेऊन येतो. मग पित्ताशय आकसतं, भिंत जाड दिसते आणि नवशिका सूज लिहून मोकळा होतो. 6 ते 8 तास उपाशी हवा.

दुसरं, पेशंटला कुशीवर वळवच.

- खडा: चमकतो, मागे काळी सावली, कूस बदलली की घरंगळतो. पित्ताशयाच्या मानेत (तोंडाजवळच्या अरुंद भागात) अडकलेला मात्र हलत नाही आणि नवीन मुलांच्या नजरेतून हमखास सुटतो.
- गाळ (घट्ट झालेलं पित्त): सावली नाही, संथ सरकतो.
- पॉलिप (आतल्या भिंतीवरची छोटी वाढ): भिंतीला चिकटलेला, हलत नाही. 10 मिमी किंवा मोठा असेल तर सर्जनला कळव.

भिंत 3 मिमीपेक्षा जाड, म्हणजे पित्ताशयाचाच आजार असं नाही. डेंग्यू, हिपॅटायटिस, सिरॉसिस, हार्ट फेल्युअर यांतही ती जाडावते. पावसाळ्यात तापाचा पेशंट असेल तर प्लेटलेट्स बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहू नकोस. खडा आहे आणि नेमकं पित्ताशयावर प्रोब दाबल्यावर कळ येते, तेव्हा खऱ्या सुजेची शक्यता धर. दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडेही लक्ष असू दे. अडलास तर सीनियरला उठव, रात्रीचे 2 वाजले असले तरी.